दारातले काळे जोडे

पुरुषोत्तम : पुन्हा एकदा. आणि या वेळी टेबलाकडे नव्हे, माझ्याकडे पाहून उत्तर दे. या क्षणी मी तुझा काका नाही. उद्या सकाळी तुझ्यासमोर बसणारा अधिकारी आहे. "बाई, या घरात तुमच्यासोबत कोण पुरुष राहतो?"

नीलांबरी : कोणी नाही.

पुरुषोत्तम : "मग दारात पुरुषाचे जोडे कुणाचे?"

नीलांबरी : तुमचे, काका.

पुरुषोत्तम : अधिकाऱ्याला काका म्हणायचं नाही.

नीलांबरी : मला नाही जमत हो हे. सकाळी फोन आला तेव्हापासून हा तिसरा चहा केला, तोही तसाच पडून आहे.

पुरुषोत्तम : फोनवर ती बाई नेमकी काय म्हणाली? तात्पर्य नको. शब्द सांग.

नीलांबरी : आधी त्यांचा नमस्कार, "किआ ओरा नीलांबरी", मग हवापाण्याचं. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाली, तुम्ही एकटी आई म्हणून सरकारी मदत घेता, घरभाड्यालाही घेता; पण तुमचा पार्टनर तुमच्याबरोबर राहतो अशी माहिती आमच्याकडे आली आहे. उद्या येऊन खुलासा करा. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पुरुषोत्तम : आणि तुझा खुलासा त्यांना पटला नाही, तर?

नीलांबरी : मदत बंद. केअर होममधल्या अर्ध्या दिवसाच्या पगारात आमचं खाणंपिणं भागतं, या हॉर्नबीतलं भाडं नाही भागत. भाड्याची मदत गेली की घर गेलं. घर गेलं की...

पुरुषोत्तम : वाक्य पूर्ण कर.

नीलांबरी : ईशा आत आहे.

पुरुषोत्तम : मग हळू आवाजात पूर्ण कर. उद्या तिथे अर्धी वाक्यं चालणार नाहीत. अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग समोरचा आपल्या मनाने भरतो.

नीलांबरी : घर गेलं की आम्ही कुठे आहोत ते हरीशला कळेल. आमची ओळखीची माणसं सगळी ऑकलंडचीच. "बिचारी रस्त्यावर आली हो" असं कुणीतरी कळवळून त्याला सांगेल, आणि तो न्यायला येईल. चांगला शर्ट घालून, फुलं घेऊन येईल. ऑकलंडला मनुरेवातल्या आमच्या घराचं दार त्यानं फोडलं ना काका, त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा फुलं आणली होती.

पुरुषोत्तम : हं.

नीलांबरी : आता तुम्ही गप्प झालात.

पुरुषोत्तम : गप्प झालो नाही. विचार करतो आहे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. ही माहिती त्यांच्याकडे पोहोचली कशी?

नीलांबरी : घराच्या एजंटनं सांगितलं असेल. तिमाही तपासणीला येतो तो. कॅमेरा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, ओलीचे डाग बघतो. मागच्या वेळी दारातल्या जोड्यांकडे बघून म्हणाला, "डॅड घरी आहेत वाटतं?"

पुरुषोत्तम : आणि तू?

नीलांबरी : हसले.

पुरुषोत्तम : हसणं म्हणजे होकार नव्हे.

नीलांबरी : त्याच्या हिशेबी होकारच. घर बघायला गेलो तेव्हा तुम्ही मान डोलावलीत तोसुद्धा त्याच्या हिशेबी होकारच होता.

पुरुषोत्तम : मी लिंबाच्या झाडाला मान डोलावली होती.

नीलांबरी : काका!

पुरुषोत्तम : ही गोष्ट स्पष्ट झालीच पाहिजे, कारण उद्या ती विचारली जाईल. तुझ्या काकूंनी मला बजावून पाठवलं होतं : "कोट घाला, ते काळे जोडे घाला, आणि कृपा करून तोंड उघडू नका." मी तिन्ही सूचना पाळल्या. एजंट तुझ्याशी एक शब्द न बोलता सगळं मला दाखवत होता. सर, हा हीटर. सर, हे परसातलं लिंबाचं झाड. मी झाडाचं कौतुक म्हणून मान हलवली. त्याच सुमारास त्याने "म्हणजे आपण तिघं राहणार तर" असं काहीसं म्हटलं. मी होकार दिला नाही. मी केवळ नकार दिला नाही.

नीलांबरी : तुमच्या त्या न दिलेल्या नकारावरच आम्ही इतके महिने राहतोय. मी तरी कुठे दिला? मला सगळं ऐकू आलं होतं. त्याआधी किती घरं बघितली होती! प्रत्येक घरापुढे फुटपाथवर रांग. इथल्या भूकंपात ज्यांची घरं पडली ती माणसं, ती परत बांधायला आलेले कामगार, आणि आम्ही दोघी. माझा नंबर आला की एजंट विचारणार, भाडं कसं भरणार? मी सांगणार, थोडा पगार, थोडी सरकारी मदत. की झालं. लगेच हसून पुढच्या माणसाकडे वळणार. आणि त्या दिवशी कोटातला एक म्हातारा शेजारी उभा राहिला, तर संध्याकाळी फोन, "घर तुमचं."

पुरुषोत्तम : वयस्क गृहस्थ म्हणालीस तरी चाललं असतं.

नीलांबरी : सॉरी, काका.

ईशा : आई, मी टीव्ही बंद केलाय. तुम्ही हळू बोलता ना, तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

नीलांबरी : काही नाही गं. आजोबा माझी परीक्षा घेतायत.

ईशा : त्या ग्रे कारवाल्या माणसाबद्दल?

पुरुषोत्तम : कुठला माणूस?

ईशा : समोर पार्क करून बसतो. हीप्स ऑफ टाइम, खूप वेळ. फोन बघतो, मग आमचं दार बघतो. आईनं मला सांगितलं खिडकीत जायचं नाही.

पुरुषोत्तम : नीलांबरी, हे तू मला सांगितलं नाहीस.

नीलांबरी : मला वाटलं, हरीशनं पाठवलाय. शप्पथ सांगते काका, मला तेच वाटलं. या आठवड्यात सारखा तो तिथे. मी पडद्याच्या फटीतून बघायची, तर त्याची गाडी उभी. मग मी काय करणार? माझ्याकडे होतं तरी काय? जोडेच होते.

पुरुषोत्तम : जोड्यांचं काय केलंस?

नीलांबरी : नका विचारू.

पुरुषोत्तम : मी नाही विचारलं तर उद्या ती बाई विचारेल, आणि तिला इंग्रजीत समजावण्यात तुझी आणखी शक्ती जाईल. पहिल्यापासून सांग. ते जोडे तुझ्याकडे का आले?

नीलांबरी : तुम्हाला माहीत नाही? काकूंनीच दिले की. राहायला आल्याच्या पहिल्या दिवशी. म्हणाल्या, "हे गाव परकं, रस्ता कारखान्यांचा, दाराला अर्धी काच. साताऱ्यात तुझे काका कामासाठी बाहेरगावी गेले की मी त्यांचे जोडे उंबऱ्यापाशी काढून ठेवायची. येणाऱ्याला वाटावं, घरात पुरुष आहे."

पुरुषोत्तम : द्रौपदी असं करत होती?

नीलांबरी : तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?

पुरुषोत्तम : ती भीत होती हेच मला ठाऊक नव्हतं. असो. तो विषय आत्ताचा नाही. पुढे.

नीलांबरी : पुढे काय, नुसते ठेवून द्यायचे होते ते. पण मला वाटलं, जोडे रोज तसेच दिसले तर कुणालाही कळेल की घालणारं कुणी नाही. म्हणून सकाळी टोकं बाहेर करायची, म्हणजे निघायच्या तयारीत आहे. संध्याकाळी टोकं आत, म्हणजे घरी आलाय. कधी एक उलटा पाडायचा, दमून काढल्यासारखा. पाऊस असला की वर पाणी शिंपडायचं. आणि हा गाडीवाला दिसायला लागल्यावर... तळव्यांना बागेतला चिखल लावला, आणि दारापर्यंत ठसे उमटवले.

पुरुषोत्तम : ठसे!

ईशा : आईनं हातात धरून केले. डावा, उजवा, डावा, उजवा. मी सांगितलं तिला की स्टेप्स फार जवळजवळ आहेत, माणूस एवढा छोटा नसतो. मग तिनं परत केले.

पुरुषोत्तम : म्हणजे एक सरकारी तपासनीस समोर बसून तुझ्या घरात पुरुष आहे का हे शोधत होता, आणि तू पडद्याआड उभी राहून त्याला तो पुरुष घडवून दाखवत होतीस.

नीलांबरी : हसू नका हो.

पुरुषोत्तम : मी हसत नाही, पोरी. माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. हे आपण एकमेकांना सांगून विश्वास ठेवू. पण परक्या माणसाला कसं पटवायचं? "साहेब, जोडे आहेत, ओले होतात, जागा बदलतात, चिखलाचे ठसे उमटतात; पण ते घालणारा माणूस नाही." साताऱ्याच्या कोर्टात मी लघुलेखक होतो. असली जबानी मी लिहून घेतली असती, तर न्यायाधीशांनी वर पाहून मला पुन्हा वाचायला लावली असती.

नीलांबरी : मग सांगते ना की तुम्ही राहता इथे! माझे काका राहतात. वडिलांसारखे. पार्टनर नाही, वडील. एजंटशीही जुळेल ते.

पुरुषोत्तम : नाही.

नीलांबरी : का नाही? एवढंसं तर खोटं...

पुरुषोत्तम : एवढंसं खोटं एवढंसं राहत नाही, म्हणून. ते विचारतील, ते गृहस्थ भाड्यात वाटा देतात का? औषधं कुठल्या पत्त्यावर येतात? आज रात्री कुठे झोपणार? मी वरुणच्या घरी झोपतो, आणि माझा मुलगा सरळ माणूस आहे. विचारलं तर खरं सांगेल. मग जोडीदाराचा संशय राहील बाजूला, आणि तू उघड खोटी ठरशील. आज तुझ्या बाजूला एकच गोष्ट आहे : या कचेरीशी तू अजून खोटं बोललेली नाहीस. ती गोष्ट घालवू नकोस.

नीलांबरी : आणि खरं बोलले तर एजंटला कळणार की तो फसला. आज ना उद्या घर जाणारच.

पुरुषोत्तम : मार्चपर्यंतचा करार आहे. तोवर तो तुला काढू शकत नाही.

नीलांबरी : आणि मार्चनंतर?

पुरुषोत्तम : मार्चनंतर करार वाढवायचा की नाही, ते त्याच्या हातात.

ईशा : आजोबा, उद्या तुम्ही याल? ती लेडी म्हणाली ना, कुणाला तरी आणा.

नीलांबरी : ईशा, आत जा. आजोबांना असं विचारायचं नाही.

ईशा : व्हाय नॉट?

नीलांबरी : त्यांच्या इथे राहण्याच्या अर्जाचा निर्णय व्हायचाय अजून. वरुणमामानं सांगितलंय त्यांना, तोपर्यंत कुठल्याही सरकारी टेबलापुढे जायचं नाही. नाव कशात अडकलं तर त्यांना आणि आजींना परत जावं लागेल.

पुरुषोत्तम : तुला हे कुणी सांगितलं?

नीलांबरी : काकूंनी. मी तुम्हाला या म्हणणार नव्हतेच.

पुरुषोत्तम : ते माझ्या लक्षात आलं होतं. मघापासून तू विचारत नाहीस, आणि मीही तू विचारू नयेस म्हणून प्रश्नामागून प्रश्न टाकतो आहे. वरुणचं म्हणणं सावधपणाचं आहे. त्यात मला तर्काची चूक सापडत नाही. साक्षीदार म्हणून माणूस उभा राहिला की पहिली चौकशी साक्षीदाराचीच होते. दुसरा मुद्दा, माझं इंग्रजी पुस्तकी; ते लोक बोलतात भराभर. तिसरा...

ईशा : तुम्ही घाबरलात?

नीलांबरी : ईशा!

पुरुषोत्तम : हो. घाबरलो आहे. तिसरा मुद्दा हाच होता. तो नीट शब्दांत मांडायचा होता, इतकंच. बरं, ते जोडे आत आण. ते माझ्या मापाचे आहेत एवढं तरी सिद्ध करता येईल. तिथे त्यांच्यासमोर घालून दाखवतो. आधी इथे पाहू, हिवाळाभर बाहेर राहून कातडं आखडलं असेल.

नीलांबरी : म्हणजे तुम्ही येणार?

पुरुषोत्तम : जोडे माझे आहेत. मी न जाता ते जाऊन कसे चालतील? दे इकडे. खुर्ची जरा ओढ. हा डावा...

ईशा : नाही! नाही, आजोबा, घालू नका! पाय काढा! आत पेनी आहे!

नीलांबरी : कोण आहे?

ईशा : पेनी. स्पायडर. समरपासून तिथेच राहते. तुम्ही तिला चिरडाल!

नीलांबरी : शी! ईशा, आणि तू मला बोलली नाहीस?

ईशा : तू मारलं असतंस. तू शूज मागून दोन बोटांनी उचलतेस, आत कधीच बघत नाहीस. मी बघते. शाळेत जाताना. तिनं टोकाशी घर केलंय. पांढरी पिशवी होती, त्यातून खूप बाळं आली. सगळी गेली. ती एकटीच राहिली.

पुरुषोत्तम : टॉर्च आण. किंवा तुझा तो फोन दे, नीलांबरी. दिवा लाव त्याचा. जरा मागे हो... अरे, अरे.

नीलांबरी : काय झालं? चावली का?

पुरुषोत्तम : आत बघ. हात लावू नकोस, नुसती बघ. बाहेरून चिखल ताजा, आणि आत? टाचेपासून टोकापर्यंत जाळं. त्यावर धूळ. जुन्या जाळ्यावर नवं. ती रिकामी पिशवी. आणि हा उजवा : यात बुरशी, तीही अखंड; पायाच्या एका बोटाचा ठसा नाही तिच्यावर. या जोड्यांत उन्हाळ्यापासून कुणाचा पाय गेलेला नाही, बाई. जाऊच शकत नाही. गेला असता तर हे राहिलं नसतं.

नीलांबरी : म्हणजे...

पुरुषोत्तम : म्हणजे तू चिखल लावलास तो जोड्यांच्या बाहेर. आत तुझा हात पोहोचला नाही. देवाची कृपा म्हण, नाहीतर तुझा आळस. ईशा, या पेनीला धक्का न लावता जोडे खोक्यात ठेवता येतील?

ईशा : मी ठेवते. मला येतं. ती येणार उद्या? टाउनमध्ये?

पुरुषोत्तम : ती मुख्य साक्षीदार आहे. तिच्याशिवाय कसं चालेल?

ईशा : स्वीट अॅज! मस्त!

नीलांबरी : काका, पण ते ऐकतील? टेबलावर कोळी ठेवला तर वेडी म्हणतील मला.

पुरुषोत्तम : कदाचित म्हणतील. पण आता तुझ्याकडे दाखवायला काही आहे. आता पुन्हा विचारतो. "दारात पुरुषाचे जोडे का ठेवलेत?"

नीलांबरी : कारण... कारण मला भीती वाटते. माझ्या नवऱ्यानं एकदा दार फोडलं होतं. तो आम्हाला शोधून काढेल याची मला रोज भीती वाटते. म्हणून घरात कोणीतरी आहे असं दाखवत होते. तुम्हाला फसवायला नाही. त्याला फसवायला.

पुरुषोत्तम : हे असंच सांग. यातला एक शब्दही मला दुरुस्त करायचा नाही.

नीलांबरी : एजंटलाही उद्याच सांगते. त्याला दुसरीकडून कळण्याआधी. मार्चनंतर पुन्हा रांगेत उभं राहू. एकटीच राहते, मदत घेते, असं सांगूनच उभं राहू. बघू कोण देतो.

पुरुषोत्तम : मी रांगेत येईन. कोट न घालता, आणि तोंड उघडं ठेवून.

नीलांबरी : ते नको, बाई. मग तर मुळीच नाही मिळणार.

पुरुषोत्तम : हसलीस. बरं झालं. सूर्य बुडाला बघ, वरुणची गाडी येईलच आता. हे खोकं आतल्या खोलीत ठेव, खिडकीपासून लांब. उद्यापर्यंत कुणी उघडायचं नाही.

नीलांबरी : काका.

पुरुषोत्तम : काय?

नीलांबरी : जोडे आत राहिले, तर मग आज रात्री दारात काय?

पुरुषोत्तम : ...हे पायातले ठेवून जातो. मोज्यांवर चालत गाडीपर्यंत जाईन, काय होतंय?

नीलांबरी : गवतावर दव पडलंय. आणि उद्या तिथे बसून "घरात पुरुष नाही" म्हणायचं, अन् आज पुन्हा पुरुषाचे जोडे? नको. घाला तुम्ही.

पुरुषोत्तम : भीती वाटेल तुला.

नीलांबरी : वाटेल.

पुरुषोत्तम : फोन उशाशी ठेव. मी आज जागाच आहे. द्रौपदीला साताऱ्याचं काही विचारायचं आहे मला.

ईशा : बाय, आजोबा! आई, मी आपल्या दोघींचे शूज बाहेर ठेवले.

नीलांबरी : आत ये आता. दार लावू दे.

(दार लागते. यापुढचे पुरुषोत्तमांचे बोलणे दाराबाहेरून.)

पुरुषोत्तम : नीलांबरी, कडीचा आवाज आला नाही.

नीलांबरी : लावली, काका.

पुरुषोत्तम : पुन्हा लाव. मी ऐकून मग जातो.

नीलांबरी : ...आला?

पुरुषोत्तम : आला. निघतो मी. सकाळी नऊला तयार राहा.

ईशा : आई, मी विसरले. शूजची टोकं कुठे करायची होती, आत की बाहेर? दार उघडू परत?

नीलांबरी : नको, राणी. जसे काढले तसेच राहू देत.